घावन जाड झालंय

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

इंद्रलोकच्या मैदानात फूड ट्रकवाल्यांचा मेळा लागलाय. तीन दिवस. सकाळीच सोसायटीच्या ग्रुपवर लिहून टाकलं — रस्त्यावरचंच खाणं, वर दिवे लावलेत, एवढंच. चार अंगठे आले.

संध्याकाळी सातला मीच तिथे. डोक्यावर टोपी, कोणी ओळखू नये म्हणून. दोन भजीपाव, एक कुल्फी. घरी बायकोला, आशाला सांगितलं, चालायला गेलो होतो.

शनिवार, ७ फेब्रुवारी

लिहू की नको?

पुन्हा गेलो. आज कोपऱ्यात कोकणी गाडी दिसली — घावन आणि काळ्या वाटाण्याची उसळ. अर्धा तास रांगेत. पहिला घास खाल्ला आणि अंगात रत्नागिरी संचारली. परत खिडकीशी गेलो. आत एक मुलगी होती, छातीवर नाव क्षितिजा. तिला सुनावलं — घावन जाड झालंय, पीठ सैल हवं, आमच्याकडे असं कोणी पानात वाढणार नाही. मागचे लोक ऐकतायत म्हटल्यावर आवाज आणखी चढला.

ती आत वळून म्हणाली, रोहित, बघ ना, हे काका काय सांगतायत.

रोहित आला. ॲप्रन, हाताला पीठ. आमचा रोहित! रोज सकाळी लॅपटॉपची बॅग घेऊन अंधेरीला बँकेत जाणारा. ज्याच्याबद्दल लिफ्टमध्ये भेटेल त्याला मी सांगत सुटतो.

त्याने हात ॲप्रनला पुसले. मग तोच म्हणाला, "बाबा, मागे लाइन आहे. जरा बाजूला होता का?"

झालो बाजूला. काय करावं सुचेना, म्हणून उरलेलं घावन खाल्लं. संपवलं. टीकाकाराने निदान अर्धं तरी टाकायला हवं होतं.

तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधले चंदनभाई आले. गाडीकडे बघत हळूच म्हणाले, "दशरथभाई, वो अंदर आपका रोहित है ना?"

"नहीं नहीं," मी म्हणालो, "वैसा दिखता है."

एरवी माझी हिंदी अडखळते. हे वाक्य मात्र एका दमात आलं.

रविवार, ८ फेब्रुवारी

आशाला सगळं माहीत होतं. नोकरी त्याने गणपतीनंतरच सोडली. उसळीचं वाटण तिनेच शिकवलंय. मी चिडलो, मला का नाही सांगितलं? ती भांडी पुसता पुसता म्हणाली, "तुम्ही अख्ख्या बिल्डिंगला सांगून ठेवलेलं. त्याने सांगायचं कुठे?"

मी पेपर उघडला. कालचा होता.

चंदनभाईंना काय म्हणालो ते मात्र तिला सांगितलं नाही. मेळ्याचा शेवटचा दिवस. गेलो नाही. रोहित उशिरा आला. मी झोपल्याचं सोंग घेतलं, तेही नीट जमलं नाही — खोकला आला.

सोमवार, ९ फेब्रुवारी

सकाळी लिफ्टमध्ये चंदनभाई. जिना गाठावा म्हटलं, पण गुडघे नाही म्हणाले. खाली पोचेपर्यंत त्यांनी सांगितलं — दिवाळीपासून त्यांच्या दुकानात दुपारचा डबा रोहितच पाठवतो. मुलाच्या हाताला चव आहे, म्हणाले. शनिवारचा विषय काढलाच नाही.

म्हणजे ते विचारत नव्हते. मला हो म्हणायची संधी देत होते.

दूध न आणताच वर आलो. रोहित किचनमध्ये जमिनीवर बसून नारळ खवत होता. समोर उभं राहून एकदाचं सांगून टाकलं, चंदनभाईंना मी काय उत्तर दिलं ते.

"ऐकलं होतं मी, बाबा," तो म्हणाला. मान वर केली नाही. हातातली वाटी खवून संपवली, उठला आणि विळी माझ्याकडे सरकवली.

सहा नारळ खवले.