सुलक्षणा म्हणेपर्यंत उठायचं नाही

इल्फर्ड, सोमवार

ती. अक्काला नंदूचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? डॉक्टरला दाखव, नुसतं तेल चोळत बसू नकोस. आम्ही ठीक. शाळांच्या हाफ टर्मच्या सुट्टीत स्पेनला जाऊन आलो. तिकिटं आमच्या मिहीरने काढली (पोरगा चांगला आहे, पण सगळ्याचं बुकिंग करतो, उद्या शिंकायचंही करेल).

निघण्याआधीच सुलक्षणाने बजावलं होतं. चाळीस वर्षं तुम्ही मला सगळं पळत दाखवलंत, ताजमहाल बारा मिनिटांत. आता एक संध्याकाळ मी म्हणेपर्यंत उठायचं नाही. उठलात तर पुढच्या हॉलिडेला मी मंडळातल्या बायकांबरोबर जाईन, तुम्ही बसा घरी. आता तूच सांग, तीस वर्षं हॉस्पिटलात पेशंटच्या ट्रॉल्या ढकलल्या, तिथं रमतगमत चालणारा माणूस टिकतो का? पण ही बोलली की करते, म्हणून घाबरलो.

सेव्हिल गावात सहालाच भूक लागली. हॉटेलवाला म्हणतो, किचन साडेआठला. साडेआठला! तोवर आपली भांडी घासून होतात. शेवटी हिच्या पिशवीतल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन तिथल्या मोठ्या चौकात गेलो. चौक कसला, जमिनीवर अर्धा चंद्र ठेवलाय. विटांची इमारत इतकी लांब की बघताना मान दुखते. पुढे पाणी, पाण्यात होड्या, पुलांचे कठडे चिनीमातीचे, निळे-पांढरे. भिंतीला रंगीत फरशांचे बाक, त्यांच्या प्रत्येक जिल्ह्याचा वेगळा (आपल्या सांगलीचा असता तर एव्हाना त्यावर कुणीतरी नाव कोरलं असतं).

बसलो. पाच मिनिटांत उठलो, पाय मोकळे करायला म्हणून. हिने नुसतं बघितलं. बसलो. असं चार वेळा झालं. समोर एक मुलगी लाकडी फळीवर पाय आपटून नाचत होती, शेजारी गिटारवाला. आणि मग ऊन उतरलं. अक्का, विटा पेटल्यासारख्या झाल्या गं. मनोरे, पाणी, माणसांची तोंडं, आपला चटणीचा डबासुद्धा सोन्याचा. मी उठायचं विसरलो. मी! उजेड गेला आणि एकदम सगळे दिवे लागले. दिवे लागले की हात जोडायचे, लहानपणी तूच टपल्या मारून शिकवलंस. आम्ही दोघांनी जोडले. नेमकी ती मुलगी नाच संपवून समोर उभी. तिला वाटलं, नमस्कार तिलाच. तिनेही वाकून हात जोडले. मग गिटारवाल्याने. मग बघणाऱ्या पन्नास-साठ माणसांनी, ही इथली रीतच असेल असं समजून. अख्खा चौक एकमेकांना नमस्कार करतोय आणि मधे आम्ही, मांडीवर दशम्या.

सुलक्षणा म्हणाली, "चला आता, साडेआठ होत आले."

मी म्हटलं, "थांब गं. घाई काय आहे?"

तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

तुझा
नंदू

ता.क. माझ्या डोळ्यांत पाणी आलं असं ही तुला फोनवर सांगेल. चटणी तिखट होती.

ता.क. २ खरं लिहायचं ते राहिलंच. बदामीला शेवटचं लेणं राहिलं होतं आणि मी तुला पायऱ्यांवरूनच परत फिरवलं, खाली गाडीवाला थांबलाय म्हणून. तू मागे वळून बघत उतरलीस. डिसेंबरात येतोय. परत जाऊ. तुझ्या गुडघ्याच्या चालीने चढू. गाडीवाल्याला थांबवायचं नाही, सरळ परत पाठवायचं.