आईच्या बोटांचं दुखणं

प्रिय आई,

तू आता नाहीस, म्हणून हे पत्र टाकायचं नाही. सकाळी माझी बोटं सुजून आखडतात. आपल्या कारखान्यात गणपतीचे डोळे रेखताना कुंचला धरवत नाही. बाबांनी मला पेणला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले, "रोगाशी लढणाऱ्या पेशी तुझ्याच सांध्यांवर उलटल्यात, म्हणून सूज. त्यांना आवरणाऱ्या पेशीही असतात, पण त्या कमी पडतायत. गोळ्यांनी ताबा राहील. घरात आणखी कुणाला होतं?"

"आईला," मी म्हटलं.

तुझे हात सुजले की तुला कामचुकार म्हणणारे बाबा पुढे सरकले. डॉक्टरांना म्हणाले, "तिला लय दुखत व्हतं काय वो?"

"खूप," डॉक्टर म्हणाले.

जोह्याला घरी परत आल्यापासून मूर्तींची शाडू माती बाबाच मळतात. मला हात लावू देत नाहीत.

तुझी,
दिपिका