फोटोभोवती दोन रेघा

५ जुलै
मंडळाच्या वधू-वर साइटचं फुकट काम गळ्यात पडलंय. सकाळीच अध्यक्ष बळवंतअण्णांचा फोन. "पुनर्विवाहाच्या मुलींच्या फोटोला डबल बॉर्डर टाकप्पा. बघणाऱ्याला लगेच कळायला पाहिजे." घाईत होतो, हो म्हणून टाकलं.

६ जुलै
अख्खा रविवार बॉर्डरने खाल्ला. सीएसएसमध्ये, म्हणजे साइटच्या सजावटीच्या कोडमध्ये, डबल लिहिलंय, दिसते एकच रेघ. ब्राउझर बदलले, फोनवर पाहिलं, तेच. शेवटी ट्यूब पेटली: जाडी दोन पिक्सेल ठेवलेली. रेघ, फट, रेघ, म्हणजे निदान तीन तरी हवेत. तीन केले. दोन रेघा आल्या.

पहिलाच फोटो अक्काचा. घटस्फोटानंतर आईनेच तिचं नाव घातलंय, माहीत होतं. तरी डोकं फिरलं. माझ्या बहिणीच्या हसऱ्या फोटोला शिक्का मारायचा, तोही माझ्या हाताने?

परत दोन केले. लिहिलंय डबल, दिसू दे एकेरी.

८ जुलै
अण्णा: "दिसत नाही की रे!" ब्राउझरचा प्रॉब्लेम, म्हटलं. "स्वल्प, जरा नीट बघ." हेब्बाळला ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसलेलो, तिथेही कॉल. वैताग.

९ जुलै
अक्काला सांगितलं, कशी शक्कल लढवली ते. वाटलं हसेल. भडकलीच.

"तुला कुणी सांगितलं लपवायला? येलहंक्याहून मला बघायला आलेली ती माणसं आठव. उप्पीट खाऊन झालं, मग आईने घटस्फोटाचं सांगितलं. त्यांची तोंडं बघत मी बसले, तू नाही. आधीच दिसू दे."

मग म्हणाली, "पुरुषांना आहे ना बॉर्डर?"

नाही. आणि ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. लाज वाटली.

तीन पिक्सेल. पुनर्विवाहाच्या बायका, पुरुष, सगळ्यांना.

१० जुलै
अण्णा पेटलेत. "मुलग्यांचं काढ! त्यांच्या घरचे नावं मागे घेतायत." म्हटलं, काढायचं तर सगळ्यांचं काढतो. "सरी, ठीक आहे. पासवर्ड दे. दुसऱ्याकडनं करून घेतो."

११ जुलै
अक्काला विचारलं, देऊ का?

"देऊन टाक. मंडळाची साइट आहे. पण आधी माझं नाव काढ."

तिकडे आई रोज विचारते, कुणी चौकशी केली का? तिची सगळी भिस्त या साइटवर. तिला काय सांगू?

ऑफिसातून येऊन लॅपटॉप उघडून बसलोय. नाव काढलेलं नाही. पासवर्डही दिलेला नाही.