जाळीला अस्तर

बारामती,
८ ऑक्टोबर २०२३

प्रिय आफताब यास,
तौसिफचा सलाम वि. वि.

मशीनवर बसलास की तुला जग बुडालं तरी कळत न्हाय, फोन काय कळणार. म्हणून कापडाच्या गठ्ठ्यातच चिठ्ठी घालून एसटीनं बावड्याला धाडतोय. गठ्ठा सोडशील तवा तरी वाचशील.

आत निळं, काळं आन पांढरं जाळीचं कापड हाय. त्याच्या शॉर्ट शिवायच्या. चड्डी म्हणू नको. आई दुकानात येऊन गिऱ्हाइकापुढं चड्डी म्हणती आन माझा धंदा बसवती. आधी हे फक्त मैदानावर खेळाडू घालायचे. आता बारामतीतली पोरं कॉलेजला, चहाला, कालव्याकडं फिरायला घालतात. गुडघ्याच्या वर चार बोटं, घेर मोठा, वर थोरल्या भावाचा मागून आणल्यासारखा ढगळ शर्ट, बटणं उघडी, पायात पांढरे बूट आन पोटरीपर्यंत मोजे. सगळी गंमत मोज्यात हाय. मोजा गळला की माणूस ऊसतोडीवरनं आल्यासारखा दिसतो, वर ओढला की तीच चड्डी स्टाईल होती. बघ, मीबी चड्डीच म्हणालो.

दुकानाच्या फोटोला माणूस पायजे. तूच ये. दोन सारखे पाय सगळ्यांनाच असतात, बघायला कोण थांबतंय? ल्हानपणी मी तुला दीडपाया म्हणायचो आन तू दगड मारायचास. नेम लई चांगला होता तुझा, माझ्या कपाळावर खूण अजून हाय.

अंथुर्ण्याच्या खाजाभाईंच्या शाहीनचा होकार आला म्हणे. नशीब काढलंस लेका. मंगनी कधी?

लैलाआत्याला सलाम सांग. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा,
तौसिफ


बावडा,
१३ ऑक्टोबर

प्रिय तौसिफभाई यास,
आफताबचा सलाम वि. वि.

कापड मिळालं. जाळी चांगली आहे, पण सुटी शिवली तर अंग झाकणार नाही. आतून पातळ अस्तर लावून शिवतो. पांढऱ्याला तर लावावंच लागेल.

फोटोचं मात्र माझ्याकडून होणार नाही. तुला सगळं ठाऊक असून विचारतोस याचं वाईट वाटलं. पोलिओत गेलेला हा पाय आई, मामी आणि तू सोडून कुणी उघडा पाहिलेला नाही. माझ्या प्रत्येक पँटच्या डाव्या पायात आतून कापूस घालून अस्तर असतं, ते मीच शिवतो. शिंपी माप एकाच पायाचं घेतो, दुसरा तसाच असणार असं धरून चालतो. लोकही तसंच धरून चालतात. मी जरा लंगडतो एवढंच बावड्याला माहीत आहे.

शाहीनच्या घरीही तेवढंच माहीत आहे. बघायला गेलो तेव्हा मोठ्या माणसांनी आम्हाला पाच मिनिटं ओसरीवर बसू दिलं. तिनं सरळ विचारलं, की काही सांगायचं राहिलंय का. मी नाही म्हणालो आणि तिच्या ओढणीच्या पिकोची तारीफ केली. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. मंगनीच्या आधी तिला मीच सांगणार आहे. तिच्यासारखी मुलगी मला पुन्हा मिळायची नाही, भाई. तोवर तू कुठं बोलू नकोस.

मामींना सलाम. आहे तो जीव असाच लावत राहा.

तुझा,
आफताब


बारामती,
१७ ऑक्टोबर

प्रिय आफताब,
सलाम वि. वि.

तुझी चिठ्ठी वाचून हसावं का रडावं कळंना. तू पँटला अस्तर लावतोस, बोलण्याला अस्तर लावतोस, आता होणाऱ्या बायकोलाबी लावलंस. निकाहनंतर काय करणार हायस, कापूस बांधून झोपणार?

मी थोरला हाय, माझं ऐक. पुण्यात असले पाय घेऊन लोक मोठ्या दुकानांच्या पाटीवर झळकतात आन त्यांना कुणी बिचारा म्हणत न्हाय. तोंडानं सांगायची छाती न्हाय ना तुझी? मग फोटो काढ आन तोच नेऊन तिच्या हातात दे. एका झटक्यात सुटशील. चेहरा घेणार न्हाय, कमरेखालचाच घेतो. आईची शपथ.

रविवारी ये. शर्ट तुझ्याच हातचा घाल, तेवढी एक गोष्ट तुला बरी जमती.

भावावर भरवसा ठेव, दुसरं काय मागणं न्हाय.

तौसिफ


बावडा,
२३ ऑक्टोबर

प्रिय तौसिफभाई,
सलाम वि. वि.

काल तुझ्याशी नीट बोललो नाही, कारण बोलायला लागलो असतो तर रडलो असतो.

निळी शॉर्ट घालून तुझ्या दुकानाच्या फरशीवर आलो तेव्हा आधी पायाला वारा लागला. उघड्यावर वारा लागायची त्या पायाला सवयच नाही. तू मोजे वर ओढायला लावलेस, मला उन्हाकडं पाठ करून उभं केलंस, अशानं कडा उजळतात म्हणालास. समोर चहाच्या टपरीवर चार माणसं होती. त्यांनी पाहिलं आणि परत चहा प्यायला लागली. एवढंच होतं का रे ते? एवढ्यासाठी मी इतकी वर्षं कापूस भरत बसलो? घरी येऊन आरशात पाहिलं. ढगळ शर्ट नि ती शॉर्ट, खोटं सांगत नाही, मला मी आवडलो.

तू शहाणा आहेस. मी तुझ्याबद्दल मनात वाईट आणलं होतं, माफ कर.

आता एकच कर. शुक्रवारी, तीन तारखेला मी अंथुर्ण्याला जाऊन शाहीनला सगळं सांगणार आहे. ती काय म्हणते ते कळेपर्यंत फोटो कुठं लावू नकोस. आणि लावशील तो बिनचेहऱ्याचा.

तुझे उपकार विसरणार नाही. असाच पाठीशी राहा.

तुझा,
आफताब


बारामती,
६ नोव्हेंबर

प्रिय आफताब,
सलाम वि. वि.

तू रागात हायस असं आत्या म्हणाली. राग समजू शकतो, पण धंदा कळत नसलेल्या माणसानं जरा दमानं घ्यावं. बिनचेहऱ्याचा फोटो लावून बघितला, कुणाच्या तरी तुटक्या खुर्चीसारखा दिसाय लागला. चेहऱ्यासकट लावला तवा कुठं जीव आला. आन ओळ मला उभ्या उभ्या सुचली. ‘दीड पायाला एवढी शोभते, तुमच्या दोन पायांना किती शोभेल!’ चौकात लोक गाड्या थांबवून वाचत होते. शॉर्ट चार दिवसांत संपल्या.

खाजाभाई गुरुवारी बाजाराला आलेले, त्यांनी बघितला. तू शुक्रवारी गेलास, तवर एक दिवस उशीर झाला. तुला दारातनंच परत लावलं म्हणे. त्याला माझा काय दोष? तूच दोन महिने तोंड दाबून बसलेलास.

खाजाभाई मला शिव्या द्यायला दुकानात आलेले. मी खुर्ची दिली, चहा दिला. दुकान बघून जरा निवळले. आईनं तितंच विषय काढला. पोरीचं नाव एकदा आपल्या घराशी जोडलं गेलंय, ते वाऱ्यावर सोडायचं का? तर शाहीनचं आता माझ्याशी ठरतंय. घरातली गोष्ट घरातच राहिली, तुलाबी बरंच वाटंल.

१० डिसेंबरला, रविवारी सकाळी दुकानाचा वाढदिवस हाय. फुटपाथवर छोटं स्टेज घालतोय. खाजाभाईंच्या घरचे सगळे येणार, तितंच पक्कं व्हायचंय. नव्या स्टाईलमध्ये मीच येणार हाय. माझ्यासाठी पांढरी शिव, बारामतीत दुसऱ्याकडं न्हाय अशी. आन अस्तर लावू नको, घेर फुगतो. तुझी ती खोड माझ्या कपड्यात नको.

झालं गेलं कालव्यात सोड. भावाभावातली ओल सुकू नये.

तौसिफ


अंथुर्णे,
२५ नोव्हेंबर

श्री. आफताब यांस,
शाहीनचा सलाम वि. वि.

हे पत्र घरात कुणाला न सांगता लिहीत आहे. तुमच्या पायाचं मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. बावड्यात आमची आत्या राहते, तिनं तुम्हाला मशिदीच्या हौदावर पाय धुताना पाहिलं होतं. म्हणूनच ओसरीवर तुम्हाला विचारलं, काही सांगायचं राहिलंय का. तुम्ही पिकोवर बोललात. मला हसू आलं. वाटलं, घाबरट आहेत, पण सांगतील.

पाटीवरचा फोटो मी पाहिला. खरं सांगायचं तर तुम्ही त्यात छान दिसता. ती ओळ मात्र मला वाचवेना. ती तुम्हीच सुचवलीत असं तौसिफ आमच्या वडिलांना सांगतात. पाय बारीक असलेल्या माणसाशी मी सुखानं संसार केला असता. स्वतःचा पाय चौकात टांगून लोकांना हसवणाऱ्याशी करणार नाही.

ओळ तुमची नसेल तर तसं दोन ओळींत लिहा. मी ते पत्र वडिलांपुढे ठेवून सांगेन की मला हेच स्थळ हवं आहे. माझ्यापुढे त्यांचं फार चालत नाही. १० तारखेला सगळं पक्कं होणार आहे, तोपर्यंत रोज पोस्टमनची वाट पाहीन.

उत्तराची आशा ठेवून आहे, तेवढी तरी पुरी करावी.

शाहीन


बावडा,
७ डिसेंबर

प्रिय तौसिफभाई यास,
आफताबचा सलाम वि. वि.

सोबत पांढरी शॉर्ट पाठवतो आहे. गेले दहा दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. तीनदा उसवून पुन्हा शिवली, टीप बघ, केसाएवढी आहे. असं काम मी आजवर कुणाचं केलं नाही.

तू लिहिलंस तसं अस्तर लावलेलं नाही. घरात पंख्याखाली धरून पाहिली, छान दिसते, कुठं काही वावगं नाही. स्टेज पूर्वेकडं पाठ करून घाल म्हणजे ऊन मागून येईल आणि कडा उजळतील. हे तूच मला शिकवलंस.

माझं यायचं जमणार नाही. शाहीनच्या घरच्यांना सलाम सांग. तुझी मेहरबानी आहे तशीच असू दे.

तुझा,
आफताब


बारामती,
१२ डिसेंबर

आफताब यास,
मेहजबीनमामीकडून.

दुवा लिहायला हात उठत न्हाय म्हणून लिवली न्हाय.

तुझ्या मनासारखं झालं. माझं पोर हात वर करून स्टेजवर आलं आन मागनं ऊन पडलं. पांढऱ्या जाळीतनं आतली पट्ट्यापट्ट्याची चड्डी दिसली, तिच्यावर मी लावलेलं ठिगळसुदीक दिसलं. पहिल्या रांगंत खाजाभाईंची म्हातारी आई, दोन बहिणी. त्यांनी पदर तोंडावर घेतले. त्याला वाटलं लाजल्या, म्हणून आणिक एक गिरकी घेतली. मागनं कुणीतरी वरडलं, एका चड्डीवर एक फुकट. आता अख्ख्या तालुक्याच्या मोबाइलवर माझं पोर गिरक्या घेतंय. दुकान उघडत न्हाय, जेवत न्हाय. खाजाभाई उठून गेले, परत फोन उचलत न्हाईत.

म्हनं त्यानंच लिवलं होतं अस्तर नको. त्यानं लिवलं, पण तू शिंपी हायस का न्हाय? तुझ्या आईच्या बाळंतपणात मी तुला मांडीवर घेतला, तुझा त्यो पाय मी तेल लावून चोळला. त्याची ही फेड केलीस.

माझ्या दारात पाय ठिवायचा न्हाय. दीडबी न्हाय.

मेहजबीन


बावडा,
१३ डिसेंबर

शाहीन यांस,
आफताबचा सलाम वि. वि.

तुमचं पत्र २८ तारखेलाच मिळालं होतं. उशिराबद्दल रागावू नका. आधी तौसिफचा हिशेब चुकता करावा आणि मगच ताठ मानेनं तुम्हाला लिहावं, असं ठरवलं होतं. ती ओळ माझी नव्हती. अक्षरही माझं नव्हतं. त्यानं ‘अस्तर नको’ असं स्वतःच्या हातानं लिहिलेलं पत्र माझ्याकडं आहे, आणि मी त्याचा शब्द न शब्द पाळला.

आता मधला काटा निघाला. या शुक्रवारी मी अंथुर्ण्याला येतो, साधी पँट घालून, कापूस न भरता. तुम्ही तुमच्या वडिलांशी बोलून ठेवा.

मनात जागा असेल ती राखून ठेवावी.

आफताब


अंथुर्णे,
१८ डिसेंबर

श्री. आफताब यांस,
सलाम वि. वि.

शुक्रवारी तुम्ही आलात तेव्हा मी आत होते. वडिलांनी तुम्हाला पाणीही विचारलं नाही, त्याबद्दल माफी असावी. तुम्ही कापूस न भरता आला होतात हे मी खिडकीतून पाहिलं.

तुमचं पत्र आदल्या दिवशी पोचलं. मी चौदा दिवस पोस्टमनची वाट पाहिली. तो यायचा, विजेचं बिल द्यायचा आणि जायचा. मला दोन ओळी पुरल्या असत्या. त्या लिहायला तुम्हाला सवड झाली नाही आणि त्याच दहा दिवसांत तुम्ही भावाची चड्डी तीनदा उसवून शिवलीत. केसाएवढी टीप घातलीत. तौसिफच्या आईनं आमच्या दारात येऊन तुमची ती चिठ्ठी मोठ्यानं वाचून दाखवली. माझ्यासाठी तुम्ही काही उसवलं नाहीत.

आता इकडचं सांगते. महिन्याभरात एकाच घरातली दोन स्थळं माझ्यावरून मोडली. एकाचा चौकात तमाशा झाला, एकाचा स्टेजवर. गावात लोक तुम्हाला हसतात आणि दोन दिवसांत विसरतात. तौसिफही पुढच्या महिन्यात दुकान उघडतील. विहिरीवर माझा विषय निघाला की बायका हसत नाहीत, आवाज खाली करतात. म्हणतात, खाजाची पोरगी पांढऱ्या पायाची आहे. आजीनंही काल मला चुलत बहिणीच्या हळदीच्या घरातून उठवलं. वडिलांनी मोरगावकडचे एक गृहस्थ पाहिले आहेत. तीन मुलं आहेत, थोरली माझ्याहून सहा वर्षांनी लहान. त्यांना माझा पाय चालतो म्हणाले. परवा निकाह आहे.

तुम्ही दोघा भावांनी एकमेकांचे पाय गावाला दाखवलेत. पांढरा ठरला तो माझा.

हे शेवटचं. उत्तर पाठवू नये, आणि लोभ तर मुळीच नसावा.

शाहीन