जांभया मोजणारा कॅमेरा

कुंता,

टिप्परची किल्ली साहेबांसमोर ठेवून आत्ताच खोलीवर आलो. खाणीवर रेंज नाही, म्हणून कागद घेतला.

कंपनीने गाडीत कॅमेरा बसवला आहे. ड्रायव्हरचा डोळा मिटला की तो ओरडतो, आणि जांभई दिली की ऑफिसात नोंद होते. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "एका पाळीत एकोणीस जांभया! बायको सपनात येऊन भांडते का बे, प्रफुल?"

मी म्हणालो, "रातपाळी करून दिवसा टिनाखाली झोपतो, साहेब. जांभया मोजाच्या खोलीत एसी हाय, आमच्या खोलीत पंखा बी नाई. काऊन?"

"तोंडावर पाणी मार अन् गाडी काढ."

"नाई काढत. आज झोपतो."

काल पहाटे वळणावर माझा डोळा लागला होता. कॅमेरा ओरडला तेव्हा समोर बाजाराला निघालेल्या बाया होत्या. कुणाला लागले नाही. आईला सांगू नकोस.

जेवण बरे आहे. बाबांचा खोकला कसा आहे? रिंकू शाळेत जाते ना?

तुझा,
प्रफुल

ता. क. सकाळी उठलो तेव्हा कळले, माझी गाडी रात्रीच निघून गेली होती. साहेबांनी तिच्यावर शेजारच्या खाटेवरच्या अजयला पाठवले. तो दिवसपाळी करून तासाभरापूर्वीच उतरला होता.