मागची भिंत, पाडवा

प्रिय आक्का,

सगळ्यांत आधी कोण आलं असेल, ओळख बघू. गंगूबाई! दुसरं कोण येणार? धुरळा अजून खाली बसला नव्हता आणि ही पदर नाकाला लावून दारात उभी. "अगं बया! तुज्या घरातनं डायरेक डोंगुर दिसतुया की!" आणि वर मला म्हणते, "बरं झालं, वारं तरी खेळंल."

वारं खेळेल म्हणे! आक्का, आपली मागची भिंत गेली गं. तुझी भिंत. पडली नाही, पाडली. आणि पाडायला मीच सांगितलं, असं सगळं गाव म्हणतंय.

म्हणून लिहायला बसले. तू गेलीस तरी हे दुसऱ्या कुणाला सांगू? तुला वाचता येत नव्हतं, तुझा विकास वसतिगृहातून पत्र पाठवायचा ते मीच तुला वाचून दाखवायची. माझ्या तिसरीपर्यंतच्या शाळेचा तेवढाच उपयोग झाला. तू म्हणायचीस, "परत वाच. पयल्यापासनं." आता लिहिणार मीच आणि मागच्या खोलीत उभी राहून मोठ्यानं वाचणारही मीच. गंगूबाईला ऐकू गेलं तर जाऊ दे. जाणारच आहे. तिचे कान तुला माहीतच आहेत.

पण आधी गोड बातमी सांगते, नाहीतर तू म्हणशील, धाकटी जाऊ आली की रडतच येते. नाताळच्या सुट्टीत तुझी सून आली होती. विकास, क्लारा आणि लीना, तिघं जर्मनीहून थेट आपल्या पाथर्डीच्या ह्या खडकात. मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला की पहिल्या चहात मी मीठ टाकलं. तुझी सून तो चहा सगळा प्याली गं! तोंडसुद्धा वाकडं केलं नाही. विकास घोटभर पिऊन थुंकला, तेव्हा मला कळलं.

गंगूबाईच्या तोंडात क्लारा काही बसत नाही. ती विचारते, "काय गं, ती खिलार कवा आली?" मी म्हटलं, "अगं, खिलार गाय असती. ही सून हाय!" विकासनं तिला ते समजावून सांगितलं तर क्लारा पोट धरून हसली. मग जी भेटेल तिला सांगत सुटली, "नमस्कार. मी खिलार."

तू का नाही बोललीस गं तिच्याशी कधी? फोनवर ती किती कष्टानं म्हणायची, "आई, जेवलात का?" आणि तू फोन माझ्या हातात कोंबायचीस. "तूच बोल. मला तिचं कळत न्हाई." त्यात न कळण्यासारखं काय होतं? कळत होतं तुला. मला माहीत आहे.

ती काय सांगत होती, ऐक. तिच्या देशात म्हणे लोक खेड्यातली जुनी घरं दुरुस्त करून त्यात राहतात, आणि आपलं गाव तिच्यासाठी परदेशातलं खेडं! सगळ्यांना वाटलं, आता स्लॅबचा बंगला उठणार. तर ह्या बाईनं काय करावं? पत्रा नवा, न्हाणीघर नवं, खाली फरशी, पुढच्या भिंतीचं सिमेंट खरवडून काढायचं आणि परत मातीचा गिलावा करायचा. दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात. पोरंटोरं सोड, म्हातारे सुद्धा बघायला यायचे. बबन मिस्त्री डोकं खाजवून म्हणायचे, "काकू, आमी सिमेटासाटी जीव टाकतो आन् ह्या ते काढाया विमानानं आल्या!"

आणि मागची भिंत? तिला कुणी हात लावायचा नाही, असं क्लारानं पहिल्याच दिवशी मला सांगितलं. का, ते सांगते.

लीनानं शोधून काढलं ते. भिंतीवरून हात फिरवत होती. तुझा शेवटचा गिलावा, त्यावर तुझ्या बोटांच्या रेषा, अर्धगोल, एकीला लागून एक. आणि पोरगी तिच्या त्या मराठीत विचारते, "धाकली आजी, इथे तीनच बोटं का? एक कुठे गेलं?"

मी तिला सांगितलं, तुझ्या आजीची करंगळी उसाच्या फडात कोयत्यानं गेली. तेव्हा तुझा बाबा पोटात होता. चिंधी बांधून तिनं परत मोळ्या बांधल्या. मग स्वतःची करंगळी मुडपून पोरीनं उरलेली तीन बोटं तुझ्या रेषांत ठेवली. तिच्या आईनं तोंड फिरवलं. विकास तर बाहेरच गेला. आक्का, तू तिला मांडीवर घेतलं नाहीस, पण तिनं तुझा हात धरला गं. मी डोळ्यांनी बघितलं.

क्लारा म्हणाली, "ही भिंत राहू दे. घर हिच्यासाठी करायचं."

आणि ती भिंत मी घालवली!

कशी, ते ऐक आणि हसू नकोस. विकासनं मला मोबाईल दिलाय. लिहायचं नाही, त्यात बोलायचं. खालच्या चिन्हावर अंगठा दाबून धरायचा, बोलायचं, अंगठा उचलला की आपलं बोलणं तिकडे पोचतं. ते लोक परत गेल्यावर बबन मिस्त्रींनी मोबाईलवर विचारलं, काकू, मागच्या भिंतीचं काय करायचं? मी अंगठा दाबला आणि बोलायला लागले, "मागची भिंत पाडवा होईस्तोवर तशीच राहूंद्या. सूनबाई आली की तीच सांगंल." पण 'पाडवा' म्हणते तोवर शेळीनं माझा पदर तोंडात धरून असा ओढला की अंगठा सुटला. मी शेळीच्या मागं पळाले. मला वाटलं, सगळं गेलं असेल.

दुसऱ्या दिवशी मी पाथर्डीला दवाखान्यात गेले होते. परत येऊन बघते तर पत्र्याला लाकडाचे टेकू आणि मागं उघडा डोंगर. मिस्त्री खुशीत. "बगा काकू, एका दिसात साफ!"

"कुनी सांगितलं तुमाला पाडाया?"

"आता! तुमीच की. ह्ये ऐका." आणि मोबाईल माझ्या कानाशी धरला. माझाच आवाज आक्का, स्वच्छ: "मागची भिंत पाडवा."

"आरं देवा! मी सण म्हनत हुते! पुढचं कुटं हाय?"

"पुढं शेळी वरडतीया," मिस्त्री म्हणाले. मग त्यांच्याही ध्यानात आलं. मटकन खालीच बसले. "काकू, तुमी मला अहोजाहो करता. मंग 'पाडवा' म्हंजी पाडून घ्या, असंच न्हवं का?" त्यांना तरी काय बोलू? विटा, सिमेंट, काय म्हणाल ते घालून चार दिवसांत भिंत उभी करून देतो म्हणाले. मी नको म्हटलं. तोच दगड, तीच माती परत रचून घेतली. आतून गिलावा मी करणार म्हटलं.

आणि तोच जमेना गं!

किती भुसा घालायचीस तू? किती शेण? आदल्या रात्री भिजवायचीस की दोन रात्री? आपण जन्मभर एका चुलीवर जेवलो आणि मी हे कधी विचारलं नाही. तू मातीचा गारा तुडवायचीस, मी पाणी ओतायची. "बास" म्हटलं की थांबायची. कशावरून बास म्हणायचीस? आता मला बास म्हणणारं कुणी नाही. गंगूबाईकडून पाटीभर शेण मागून आणते, तुडवते, थापते, उन्हं कलली की भिंतीला तडे. खरवडते. परत थापते. परत तडे. गुडघे गेले माझे. रात्री वारं सुटलं की पत्रा अजून न काढलेल्या टेकूंवर करकरतो आणि मला वाटतं, आता सगळं घर माझ्या अंगावर येणार. येऊ दे, असंही वाटून गेलं एकदा. रागावू नकोस.

विकासचा फोन आला की मी मोबाईल असा धरते की नुसतं माझं तोंड दिसावं. "काकी, भिंत दाखव की," म्हणतो. मी म्हणते, उजेड न्हाई. भर दुपारी!

आणि परवा मी जे केलं ते आता सांगते. गारा जरा बरा जमला होता. ओल्या गिलाव्यासमोर उभी होते. मी माझी करंगळी मुडपली. तीन बोटं मातीवर ठेवली आणि तू फिरवायचीस तसा हात फिरवला. अर्धगोल, त्याला लागून दुसरा, तिसरा. मागं सरकून बघितलं. हुबेहूब, आक्का! तूच आत्ता उठून पाणी प्यायला गेलीस, असं वाटलं. क्लाराला कळलं नसतं. कुणालाच कळलं नसतं.

मग माझ्या डोळ्यांपुढे लीना आली, त्या रेषांत बोटं ठेवताना. ती पोर माझा हात धरणार आणि तुझा समजणार! मी मातीवर पाणी मारलं आणि सगळं पुसून काढलं. पुसताना मोठ्यानं रडले. दुसऱ्यांदा मीच तुझा हात पुसत होते ना.

तशीच चिखलाच्या हातानं मोबाईल घेतला. शेळी आधी लांब बांधली. अंगठा दाबला आणि क्लाराला सगळं सांगितलं. पाडवा, शेळी, तडे, मुडपलेली करंगळी, सगळं. संपेस्तोवर अंगठा उचलला नाही.

तो दिवस गेला, रात्र गेली. उत्तर नाही. चूल पेटवली नाही मी. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा आवाज आला. "काकी, मी रडले. खूप." मग म्हणाली, "विकास सांगतो, आईची भिंत पण तडकायची. दर वर्षी."

खरं की गं! कशी विसरले मी? कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला की आपण ऊसतोडीहून परत यायचो, कुलूप काढायचो, आणि भिंत तडकलेलीच असायची. मी कपाळाला हात लावायची. तू डोक्यावरचं गाठोडं सुद्धा न उतरवता म्हणायचीस, "मातीची हाय ती. तडकनारच. आन पानी, परत हात फिरवू." तुझ्याही गाऱ्याला तडे जायचे, आक्का! मी आपली तुझं माप शोधत बसले.

तिच्या मागून लीना ओरडली, "धाकली आजी, तू लावू नको! माती भिजव फक्त!"

आता तुला वचन देते. त्या भिंतीला मी एकटी हात लावणार नाही. तुझ्या सुनेला पाटावर बसवीन, ह्या वेळी चहात साखर घालीन, आणि "आई, जेवलात का" असं तुला ती म्हणाली की तुझ्या वतीनं मी तिला उत्तर देईन. मग तिघी मिळून गिलावा करू. पोरीची बोटं उठतील भिंतीवर, करंगळीसकट.

माती चाळून ठेवलीय. भुसा गंगूबाई देणार आहे. यायचं कबूल केलंय त्यांनी, सकाळी नगरहून पहिल्या एसटीनं, तिघंही. कोणत्या दिवशी, ते मिस्त्रींनाही समोर बसवून तोंडानं सांगितलंय: पाडव्याला. सणाच्या.

तुझी,
धाकटी