खालून धरलेली दोरी

सिरसाळा, गुरुवार, संध्याकाळ

आज नववीला हेलिकॉप्टरचा जुना इतिहास सांगितला. शंभर वर्षांहून जुनी गोष्ट. फ्रान्समध्ये एक यंत्र माणसाला घेऊन जेमतेम जमिनीवरून उठलं, पण कलंडू नये म्हणून चौघांनी ते खालून धरलं होतं. पोरं हसली. अर्चना हसली नाही.

गेल्या पुरात तिला आणि तिच्या आईला हेलिकॉप्टरनं गच्चीवरून दोरीनं उचललं. वडील, तिचे अण्णा, मागं राहिले. दुसऱ्या फेरीआधीच घर बसलं, ते त्यातच गेले. तेव्हापासून ती वर्गात बोललीच नव्हती.

आज उभी राहिली. "सर, त्या चौघांना भ्या वाटलं नसंल का?"

"वाटलं असेल. डोक्यावर पाती फिरत होती."

"मंग सोडलं कावून न्हाई?"

"आत माणूस होता ना."

ती म्हणाली, "आमच्या अण्णांनी बी खालून दोरी धरलती. मी लई गरगरत होते."

हा धडा काढायलाच नको होता का? दिवसभर तेच डोक्यात.

आत्ता तिच्या आईचा फोन येऊन गेला. "सर, आज पोरीनं घरी पहिल्यांदाच बापाचं नाव घेतलं. आमी दोघी पोटभर रडलो. मग जेवली ती."